प्रतीची परीक्षा

संगणकजालावरील धोरणांची प्रत रोज रात्री आपोआप निघू लागली की व्यवस्थापक निश्चिंत होतो. ही निश्चिंतता मला अनाठायी वाटते. विंडोज सर्व्हरमध्ये ग्रुप पॉलिसीची प्रत घेणारी ‘बॅकअप-जीपीओ’ ही आज्ञा २००९ पासून आहे. ती धोरणातील नियम जपते. परंतु ते धोरण कोणत्या विभागास लागू, ही जोडणी त्या विभागाच्या नोंदीत असते, आणि प्रतीवरून धोरण उभारताना ती परत येत नाही. पुसलेले धोरण परत येते, पण शाळेतील यंत्रांवरील निर्बंध उठलेलेच राहतात! आज्ञावलीने मात्र ‘यशस्वी’ असे नोंदविलेले असते, आणि त्यात खोटे काहीच नसते. म्हणून जोडण्यांची यादीही त्याच आज्ञावलीने लिहून ठेवावी. आणि अधूनमधून एखादे बिनमहत्त्वाचे धोरण मुद्दाम पुसून, परत आणून पाहावे.