मागे जोडलेले घर

बँकेच्या नोकरीत ट्रॅक्टर आणि ट्रॉलीसाठी मी किती कर्जप्रकरणे मंजूर केली, याची गणती नाही. आपला मुलूख उसाचा, तेव्हा ते ओघानेच आले. परंतु चूल, बिछाने आणि पाण्याची टाकी असलेली एक खोलीच मोटारीच्या मागे जोडून कोणी सहलीला निघेल आणि त्या सहलीत मीही असेन, असे कधी वाटले नव्हते. गेल्या जानेवारीच्या अखेरीस ते घडले.

पुतण्याच्या पुण्यातील मित्राकडे अशी कॅरॅव्हॅन आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हा शब्द आपल्याकडे कानांवर येऊ लागला. हौस मात्र जुनी आहे. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरांनी दोन घोडे जोडलेले असे घर बांधवून घेऊन इंग्लंडमधून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला होता. माळशिरसकरांना तरी याचे नवल वाटू नये. दरवर्षी आषाढीपूर्वी माउलींच्या पालखीमागून दिंड्यांचे ट्रक अख्खे बिऱ्हाड घेऊन आपल्या दारावरून जातात. हंगामात ऊसतोड कामगारांचे संसारही गाडीवरच लादून येतात. त्यांची ती हौस नव्हे, हे विसरून चालणार नाही.

आमच्या या उपद्व्यापाचे कारण होते वहिनी. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळे वर्ज्य, पाणी गाळलेले. हे नियम त्यांनी लग्नापासून पाळले. त्यामुळे दहिगाव, कुंथलगिरी, एकदा सम्मेदशिखर, याखेरीज त्या कुठे मुक्कामाला गेल्या नाहीत. हॉटेलात राहून कोरड्या पुऱ्या खाण्यापेक्षा घर बरे, असे त्या म्हणत. दादांना तर दुकान सुटत नव्हतेच.

महाबळेश्वरला पावसाळ्यात गर्दी कमी असते, म्हणून पुतण्याला आधी जुलैचा मोह पडला होता. तो मी मोडून काढला. जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, जिथे जुलै २०२१ मध्ये आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला, तिथे मागे खोली ओढत जाण्यात कसली मौज? नाताळची गर्दी ओसरलेली आणि उन्हाळ्याची सुरू न झालेली, असे मधले दिवस आम्ही निवडले. दुकानालाही तेव्हा थोडी सवड होती.

पुतण्या मोटार उत्तम चालवतो. पण घाटाचे शिक्षण त्याला आमच्याकडे माल पोहोचवणाऱ्या ट्रॅक्टरचालकाने दिले. "चढाला ट्रॉली मागं ओढती, उताराला मागनं रेटती," त्याने दोनच वाक्यांत सांगितले, "ज्या गेरात चढला, त्याच गेरात उतरा." उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो, वेग इंजिनानेच आवरायचा. वळणावर मागची चाके आतल्या बाजूने कापत येतात, म्हणून वळण मोठे घ्यायचे. जड सामान आसावर आणि खाली ठेवायचे. शेपटाकडे भरले तर खोली डोलू लागते. हे सारे ऐकून दादांनी धान्याचे डबे स्वतः हलवून मध्यभागी लावले. दुकानदाराला वजन कळते.

नातेपुते, फलटण, लोणंद करीत वाई गाठली. पसरणी घाटात आमच्यामागे मोटारींची रांग लागली, तेव्हा रुंद जागा पाहून दोनदा थांबून वाट दिली. पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून ओळखल्या जाणाऱ्या भिलारमध्ये एका स्ट्रॉबेरी उत्पादकाने अंगणात जागा दिली. खोलीत चौघांचीच सोय असल्याने मी त्यांच्या पडवीत झोपलो. पहाटे वेण्णा तलावाकाठी गवतावरचे दव गोठलेले पाहिले.

पहिल्याच दिवशी सूनबाई हसत म्हणाली, "काका, स्वयंपाकघर सोबत आणलं म्हणजे आम्हालाही कामावरच आणलं की!" बोलणे खरे होते. त्यानंतर भांडी घासण्याचे काम पुतण्याकडे आणि माझ्याकडे आले. टाकीतले पाणी मोजके असल्यामुळे ती कमी पाण्यात कशी घासायची, हेही वहिनींनीच शिकवले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्यांनी पाने वाढली. ऊन अजून समोरच्या डोंगरावर होते. दादा जेवायला बसले आणि वहिनींचेही ताट शेजारी आले. घास घेता घेता दादा थांबले. दुकान रात्री बंद होणार, म्हणून त्यांचा संध्याकाळचा डबा दुकानात जायचा आणि वहिनी घरी जेवायच्या. नियम दोघांचाही एकच, वेळही एकच. पण यात्रेचे दिवस सोडले तर पंचेचाळीस वर्षांत संध्याकाळी दोघे एकत्र जेवले नव्हते. "डबा गार व्हायचा का हो?" वहिनींनी विचारले. दादा म्हणाले, "गिऱ्हाईक असलं की व्हायचा." मी उठून भांड्यांकडे गेलो.

परतल्यावर पुतण्याने अशीच कॅरॅव्हॅन विकत घेण्याचा विषय काढला. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला: स्वतंत्र नोंदणी, विमा, उभी करायला जागा, दरवर्षीचा घसारा आणि वापर फार तर पंधरा दिवसांचा. कर्ज मागायला आला असता तर मी प्रकरण परत पाठवले असते. त्याला ते पटले. वहिनी ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "त्या मित्राची गाडी पुढच्या जानेवारीत मोकळी आहे का, तेवढं विचारून ठेव."