क्रीम की सुई?

या वीकेंडचा विषय थोडा वेगळा आहे. सॉफ्टवेअरवाल्याने चेहऱ्यावर काय लिहावं, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या टीममध्ये सगळे आता पस्तिशीच्या आसपास पोचलेत आणि जेवणाच्या सुट्टीत रिलीजपेक्षा रेटिनॉलवर जास्त बोललं जातं. त्या गप्पांमधला वाद ठरलेला असतो. एक पार्टी म्हणते, क्रीम लावावं, त्याने निदान अपाय तरी होत नाही. दुसरी म्हणते, क्रीम म्हणजे पैसे पाण्यात, सरळ डॉक्टरकडे जाऊन बोटॉक्स करून मोकळं व्हावं. माझं मत विचाराल तर ही वाटणीच चुकीची आहे. धोका क्रीममध्येही नाही आणि सुईतही नाही. ते कोणी बनवलं, कोणी दिलं आणि उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार, हे माहीत नसण्यात खरा धोका आहे.

उगाच म्हणत नाहीये. मी बुलढाणा जिल्ह्यातला, खामगावचा. तिथून अकोला तासाभराच्या अंतरावर. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी आली होती. बायोटेक शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार झाला. तिघी एकच गोरं करणारं क्रीम वापरत होत्या आणि ते ओळखीच्या ब्यूटीशियनकडून घेतलेलं होतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या मदतीने तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रियाच अडवतो, म्हणून चेहरा भराभर उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि तिथून मूत्रपिंडात. म्हणजे "क्रीमने काय होतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे. आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या 2020 च्या नियमांत अशा क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला बंदी आहे. पण लेबलच नसलेल्या डबीला नियम वाचून कोण दाखवणार?

दुसरा प्रकार त्याहून घरगुती आहे. तालुक्याच्या गावात मेडिकलवाल्याला "वांगावर काहीतरी द्या" म्हटलं की एक ट्यूब हातात पडते. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा असा काही चमकतो की शेजारीणसुद्धा नाव लिहून घेते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते आणि ट्यूब बंद केली की सगळं दुपटीने उलटतं. त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध बरीच ओरड केल्यावर 2018 मध्ये अशी बरीच मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर तरी.

आता सुईकडे येऊ. बोटॉक्स हे नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ते मुळात तिरळेपणावरचं औषध. अमेरिकेत 1989 मध्ये त्याला त्यासाठी मान्यता मिळाली आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी 2002 मध्ये. ते स्नायूला मज्जातंतूकडून जाणारा निरोप काही काळ थांबवतं. तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो. आठ्यांवर क्रीमपेक्षा ते नक्कीच जास्त काम करतं. पण ते कातडीवरचे डाग घालवत नाही आणि खाली बसलेला गाल भरत नाही. गाल भरायला फिलर असतात आणि फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी सडू शकते, क्वचित डोळाही जातो. लेझरचंही तसंच. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर अंदाज चुकला की डाग जाण्याऐवजी नवे उठतात. म्हणून हात कोणाचा हे महत्त्वाचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये स्पष्ट सांगावं लागलं की कार्यशाळा किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहणं म्हणजे अशा प्रक्रियांचं प्रशिक्षण नव्हे. असं सांगायची वेळ येते यातच काय ते समजा!

मग क्रीम सगळी फसवी का? तर नाही. आपण सॉफ्टवेअरवाले आधी बग कुठून आला ते बघतो, मग पॅच लावतो (निदान मॅनेजरला तसं सांगतो). चेहरा म्हातारा दिसण्यामागचं, आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ऊन. 2012 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो आला होता. 28 वर्षं ट्रक चालवलेला माणूस, खिडकीकडची अर्धी बाजू दुसऱ्या अर्ध्यापेक्षा कितीतरी म्हातारी. काच होती, पण काचेतून यूव्हीए किरण येतातच. ऑस्ट्रेलियात 900 हून जास्त लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झाली. सुरकुत्यांवर ट्रेटिनॉइनचाही चांगला पुरावा आहे, पण ते डॉक्टरच्या सल्ल्याने आणि गरोदरपणात अजिबात नाही. कोलॅजेनच्या महागड्या क्रीमबद्दल एवढंच की कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो त्वचेतून आत शिरतच नाही.

इथे मला आमच्या घाटाखालच्या शेतातल्या बायका आठवतात. कपाशी वेचताना डोक्यावरून, गालावरून घट्ट रुमाल बांधतात, फक्त डोळे दिसतात. पुण्यात टू-व्हीलरवरच्या पोरींनी हेच केलं की आपण हसतो, "अतिरेकी" वगैरे म्हणतो. पण सगळ्यात स्वस्त आणि पुरावा असलेला इलाज तोच आहे.

आणि दिसण्याची काळजी म्हणजे शहरातली चैन, हाही गैरसमज काढून टाका. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड वगैरे गावांत लोकांचे केस मुठी-मुठीने गळायला लागले, काही दिवसांत टक्कल. लोकांना घराबाहेर पडायची लाज वाटू लागली. आधी संशय पाण्यावर आणि शांपूवर. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासणी केली तर रेशनच्या गव्हात सेलेनियम भरमसाट निघालं. तेव्हा कोणी वरून लावायचं तेल विकलं असतं तर खपलंही असतं, पण कारण जेवणाच्या ताटात होतं. लाज वाटणारा माणूस मिळेल ते लावून बघतो. बिनलेबलच्या डबीचा धंदा चालतो तो याच लाजेवर.

म्हणून माझं म्हणणं असं. बोटॉक्स करायचं तर खुशाल करा, पैसे तुमचे आणि कपाळही तुमचं, फक्त त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडे. नसेल करायचं तर सनस्क्रीन आणि रुमाल पुरेसे आहेत. पण आपण घरात शिकलेले, आई-मावशी आपल्याला विचारूनच वस्तू घेतात. या सुट्टीत गावी गेलात की आरशासमोरच्या डब्या उलट्या करून बघा. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, यातलं काही नसेल तर डबी उचला आणि बाजूला ठेवा. ती कुठून आली तेही विचारा, कारण तिथूनच शेजारच्या चार घरांत गेलेली असते. आई रागावेल. "एवढी महागाची होती रे" म्हणेल. म्हणू दे.