माळ्यावरची फ्लॉपी आणि हट्टी ड्राइव्ह

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास दगडी भिंतीवर मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली कोरलेला हा भला मोठा लेख दोनशे वर्षांनंतरही वाचता येतो. याच मुलखात, कुंभकोणम, तिरुवैयारू, मन्नारगुडीच्या आसपास, मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. समजा, अशाच एखाद्या घरात आजोबांनी १९९०च्या सुमारास संगणक घेतला आणि घराण्याची वंशावळ त्यावर उतरवून ठेवली. आज पेटी माळ्यावर आहे, पेटीत फ्लॉप्या आहेत, संगणकही सुरू होतो. पण फ्लॉपी आत घातली की ड्राइव्ह नुसता ‘खर्र खर्र’ करतो आणि पडद्यावर चूक झाल्याचा संदेश येतो. दगडावरचे टिकले, घरातले मात्र तीस-पस्तीस वर्षांतच मुके झाले!

अशा वेळी घरातली उत्साही मुले तीच फ्लॉपी पुन्हा पुन्हा घालून बघतात. नेमके हेच करायचे नाही. ड्राइव्ह दुसरा मिळेल, आजोबांची फ्लॉपी दुसरी मिळणार नाही. म्हणून आधी ड्राइव्ह तपासायचा आणि मौल्यवान फ्लॉपी सर्वांत शेवटी घालायची.

दोष येतो कुठून?

फ्लॉपीच्या आवरणात पातळ प्लास्टिकची चकती असते आणि तिच्यावर चुंबकीय लेप असतो. ड्राइव्हमध्ये ही चकती फिरते. सव्वापाच इंची, ३६० केबीच्या फ्लॉपीसाठी मिनिटाला ३०० फेरे. वाचणारे हेड त्या वेळी लेपाला प्रत्यक्ष टेकलेले असते. त्यामुळे हेडवर कण जरी बसला, तरी वाचन अडखळते.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, भोवती भाताची शेते पाण्याने भरलेली असतात आणि हवा दमट असते. आपल्या कोकणातल्या गृहिणींना ही ओल सांगायला नको. कपाटातल्या कपड्यांना जशी बुरशी येते, तशी ती चकतीवरही येते. बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली, तर ती घाण हेडला चिकटते आणि नंतर घातलेल्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पडतात. एका आजारी फ्लॉपीमुळे दहा निरोगी फ्लॉप्या जायच्या त्या अशा.

ड्राइव्हची स्वतःचीही दुखणी असतात. हेड ज्या दांड्यांवरून पुढे-मागे सरकते, त्यांवरचे ग्रीस वर्षानुवर्षे पडून घट्ट होते. काही जुन्या ड्राइव्हमध्ये रबरी पट्टा असतो, तो सैल पडतो किंवा तुटतो.

क्रमाने असे करा

१. फ्लॉपी उजेडात धरून तिच्या उघड्या खाचेतून चकती बघा. पांढरे किंवा करडे डाग दिसले, तर ती बाजूला ठेवा. तिची स्वच्छता जाणकाराकडूनच करून घ्यावी.

२. फ्लॉपीवर चुकून काही लिहिले जाऊ नये, याची सोय करा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाका. साडेतीन इंची फ्लॉपीची छोटी खिडकी मात्र उघडी ठेवायची असते. दोन्हींची रीत एकमेकींच्या उलट आहे, हे विसरू नका.

३. आता दिवा बघा आणि आवाज ऐका. ड्राइव्हचा दिवा लागतच नसेल, तर वीज पुरवणारी पिन नीट बसलेली आहे का ते पाहा. दिवा सतत जळत राहिला, तर चपटी केबल बहुधा उलटी लागली आहे. चकती फिरतच नसेल, तर पट्टा किंवा मोटर बघावी लागेल. चकती फिरते पण खरखर होते, तेव्हा हेड अडकले असण्याचा संभव अधिक.

४. साफसफाईपूर्वी संगणक बंद करून प्लग काढा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि हेड हलक्या हाताने पुसा. वरचे हेड नाजूक स्प्रिंगवर असते, ते उचलून ताणू नका. दांड्यांवरचे जुने ग्रीस पुसून नवे हलके ग्रीस अगदी थोडे लावा. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचे तेल हेडला कधीही लावू नये. हेडजवळचे स्क्रूही फिरवू नयेत.

५. सगळे वाळल्यावर एखादी बिनकामाची, पण त्याच प्रकारची फ्लॉपी घालून बघा. ती नीट वाचली गेली, तरच आजोबांची फ्लॉपी आत जाऊ द्या.

जुना ड्राइव्ह टाकू नका

कधी कधी एक विचित्र गोष्ट आढळते. याच ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी वाचता येते, दुसरीकडे लिहिलेली मात्र येत नाही. याचा अर्थ हेड आपल्या जागेवरून किंचित सरकले आहे. असा ड्राइव्ह बिघडलेलाच म्हणायचा. पण आजोबांनी तो सरकल्यानंतर लिहिले असेल, तर त्यांचे लिखाण वाचू शकणारा कदाचित तोच एक ड्राइव्ह असेल. म्हणून काम पुरे होईपर्यंत तो भंगारात देऊ नका.

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी आजच्या संगणकाला जोडता येणारे यूएसबी ड्राइव्ह मिळतात. सव्वापाच इंचीला ती सोय नाही. तिथे जुनाच ड्राइव्ह ‘ग्रीसवीझल’सारख्या छोट्या सर्किट बोर्डामार्फत नव्या संगणकाला जोडतात आणि चकतीवरच्या चुंबकीय खुणा जशाच्या तशा उतरवून घेतात.

अक्षरांचे कोडे

फाइल उघडली आणि मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसली, तरी घाबरू नका. त्या काळी युनिकोड रुळलेले नव्हते. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट, श्रीलिपी अशा प्रत्येक प्रणालीची अक्षरे साठवण्याची पद्धत वेगळी होती. मूळ प्रणाली कोणती ते कळले, तर मजकूर युनिकोडमध्ये बदलता येण्याची आशा असते. म्हणून फ्लॉपीवरचे लेबल, पेटीतली वही, जुनी बिले जपून ठेवा. त्यांतच ते नाव सापडायचे!

मजकूर हाती लागताच लगेच त्याची नक्कल करा आणि फ्लॉपीला विश्रांती द्या. एक नक्कल घरी ठेवा, एक परगावच्या नातेवाइकाकडे. नोव्हेंबर २०१८मध्ये गज चक्रीवादळाने याच त्रिभुज प्रदेशाला झोडपले होते. असे वादळ आले, तर एकाच कपाटातल्या दोन नकला एकदमच जातात.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांवरच्या आणि कागदावरच्या पोथ्या जपलेल्या आहेत. ताडपत्रही कायमचे टिकत नाही. जुने पान जीर्ण होण्याआधी कोणी तरी बसून नवे लिहून काढायचे, म्हणून मजकूर पुढे यायचा. आजोबांची वंशावळही तशीच पुढे जायची आहे, आणि या पिढीत ती उतरवून काढण्याची पाळी नातवंडांची आहे.