अंतराळातला संसार

२३ ऑगस्ट २०२३ ला ‘चांद्रयान-३’ चंद्रावर उतरलं, तेव्हा त्यात एकही माणूस नव्हता. मग ‘गगनयान’मधून माणसं पाठवायचा खटाटोप कशाला, यंत्रंच पाठवावीत, असं बऱ्याच जणी म्हणतात.

मला ते पूर्ण पटत नाही. मंगळावर ‘ऑपॉर्च्युनिटी’ या गाडीला ४२ किलोमीटर जायला ११ वर्षं लागली. १९७२ मध्ये ‘अपोलो १७’च्या दोन अंतराळवीरांनी चंद्रावर तीन दिवसांत सुमारे ३५ किलोमीटर फिरून दगडमाती गोळा केली. हबल दुर्बिणीची नजर अधू निघाली, तीही १९९३ मध्ये माणसांनीच वर जाऊन सुधारली. समोरची अडचण पाहून तिथल्या तिथे मार्ग काढणं माणसालाच चांगलं जमतं.

पण माणूस गेला की त्याच्यामागे संसार जातो. हवा, पाणी, जेवण, केरकचरा, सगळंच. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकात घाम, श्वासातली वाफ, लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरतात. असं ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचं नासाने २०२३ मध्ये सांगितलं. तरी खाण्याचं सामान पृथ्वीवरूनच न्यावं लागतं. मंगळापर्यंतचा प्रवास तर सहा-सात महिन्यांचा. तिथे मीठ संपलं तर शेजारणीकडे वाटी घेऊन जाता येणार नाही. शिवाय वजनरहित अवस्थेत नीट व्यायाम केला नाही, तर शरीराचा भार पेलणारी हाडं महिन्याला एक-दीड टक्क्याने झिजतात.

म्हणून माझं मत असं, की माणसाला अंतराळात भविष्य आहे, पण ते पाहुण्याचं. जोखमीच्या ठिकाणी आधी यंत्रं जावीत, मग माणसाने जावं, शिकावं आणि घरी परतावं. ‘पृथ्वी बिघडली तर मंगळावर राहायला जाऊ’ हे बोलणं मात्र मला धोक्याचं वाटतं. जिथे श्वाससुद्धा यंत्राच्या भरवशावर घ्यायचा, तिथे कोट्यवधी लोकांचे संसार कसे थाटणार?

पाणी गाळून, जपून वापरायची शिस्त आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. अंतराळात तिच्यावाचून एक दिवस निघत नाही, आणि इथेही ती सोडून चालणार नाही. लेक अंतराळवीर व्हायचं म्हणाली, तर तिला अडवू नका. गणित-विज्ञानाबरोबर ही शिस्तही तिच्या अंगी लावा.