बल्लारपूरच्या मुलांच्या प्रश्नांना उत्तर कोण देणार?

पेपर मिलकडून कधीकधी कुजक्या अंड्यासारखा वास का येतो? जमिनीखाली कोळसा आला कुठून? उन्हाळ्यात साग पानं का गाळतो? बल्लारपूरच्या मुलांना असे प्रश्न घराबाहेर पडताच सुचू शकतात.

याची उत्तरं उपलब्ध आहेत. लाकडाचा लगदा करताना गंधकयुक्त रसायनं वापरली की दुर्गंधी वायू तयार होतात. इथला कोळसा २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या वनस्पतींचा आहे. साग पानं गाळून पाणी वाचवतो.

मग अडतं कुठे? विचारायचं कोणाला, हेच मुलांना ठाऊक नसतं.

डॉ. जयंत नारळीकरांनी यावर साधा उपाय काढला होता. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न पाठवा. उत्तराखाली त्यांची सही असे. २० मे २०२५ रोजी त्यांचं निधन झालं. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमातही मुलं 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्रं लिहीत आणि जाणकार मंडळी उत्तरं देत.

दोन्हीकडे मुलांना ठरलेला पत्ता होता आणि पलीकडे उत्तर देणारा माणूस.

आज चॅटबॉट क्षणात उत्तर देतो, पण चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. ते तपासून देऊ शकणारे मिलचे अभियंते, खाणीतले भूशास्त्रज्ञ, वन अधिकारी याच परिसरात आहेत. शाळेत एक प्रश्नपेटी आणि महिन्यातून त्यांचा एक तास, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.