टॅटू काढला, पुढे काय?



टॅटू काढावा की काढू नये, यावर मेसमध्ये भरपूर वाद झालेत. त्यात मला पडायचं नाही. आपल्या आज्यांच्या हातावर गोंदण होतंच, तेव्हा 'ही पाश्चात्त्यांची नक्कल' हे मला पटत नाही. माझा मुद्दा साधा आहे. डिझाईन ठरवायला आपण अख्खं सेमिस्टर घालवतो, पण टॅटू काढून आल्यावर पुढचे तीन आठवडे काय करायचं, याचा विचार कोणी करत नाही.

टॅटू म्हणजे जखम. सुई वरची कातडी भेदून १ ते २ मिलिमीटर आत शाई सोडते, तेही हजारो वेळा. सिव्हिलवाल्यांना ठाऊकच आहे, स्लॅब ओतला की काम संपत नाही, क्युरिंग बाकी असतं. फरक एवढाच, की स्लॅबवर पाणी साठवतात आणि नवा टॅटू पाण्यात बुडवायचा नसतो. वरची कातडी भरून यायला २ ते ४ आठवडे लागतात.

काळजी तशी सोपी आहे. आधी हात धुवायचे, मग कोमट पाणी आणि बिनवासाच्या सौम्य साबणाने टॅटू हलक्या हाताने धुवायचा, स्वच्छ टिश्यूने टिपून घ्यायचा आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी पातळ लावायचं. खपली काढायची नाही. खाज सुटली तरी नखं लांब! स्विमिंग बंद, उन्हात जाताना सैल सुती कपडा वर हवा. वर्कशॉपला जाणार असाल तर जास्तच जपा, लोखंडाचा कीस आणि कूलंट ताज्या जखमेसाठी नाहीत.

आता हॉस्टेलची खरी परिस्थिती बघा. एक टॉवेल तिघांत, साबण सगळ्या विंगचा, चादर धुतली जाते थेट दिवाळीला घरी गेल्यावर! त्यात प्रत्येक रूमवर एक 'सर्वगुणसंपन्न' ट्यूब असते, गजकर्णापासून पिंपल्सपर्यंत सगळ्यावर चालणारी. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ते जखम भरणं लांबवतं आणि इन्फेक्शन झाकून ठेवतं. ती ट्यूब टॅटूला लावू नका. हळद आणि टूथपेस्टही नको.

पण सगळ्यात घातक आहे ती लपवालपवी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मेंदी लावून गेलं तरी डायरीत रिमार्क यायचा, त्यामुळे हात लपवायची कला मला चांगली अवगत आहे. घरी कळेल, रेक्टर ओरडतील, म्हणून भर मे महिन्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून बसायचं, आत घाम आणि घर्षण. दोन-तीन दिवसांनी लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरत असेल, दुखणं वाढत असेल, पू किंवा ताप आला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. तिथेही आपण 'खरचटलंय' म्हणून थाप मारतो. मग डॉक्टरांनी उपचार कशावर करायचे?

रक्तदान शिबिरातही तेच. आपल्याकडच्या नियमानुसार टॅटू काढल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही, कारण सुईतून कावीळ 'बी' आणि 'सी' पसरू शकते. फॉर्मवर खोटं लिहून सर्टिफिकेट मिळेल, पण ते रक्त कोणाला तरी चढणार आहे.

रेक्टर सर आणि मॅडम, तुम्हाला एक नम्र विनंती. हाताला सूज घेऊन कोणी दारात आलं, तर आधी दवाखान्यात पाठवा. लेक्चर नंतर द्या, आम्ही ऐकून घेऊ. ओरडा खावा लागेल या भीतीने टॅटू काढायचे कोणी थांबत नाही, फक्त दवाखान्यात जायचे थांबतात.

आणि मित्रांनो, टॅटू मिरवायला आहे ना? मग तीन आठवडे तो सांभाळा, आणि बिघडला तर सांगा!