उंबराचें फूल

क्वचित् दर्शन देणाऱ्या मनुष्यास आपण ‘उंबराचें फूल’ म्हणतों. अमरकोशांतही फुलावांचून फळणारा तो वनस्पति आणि फुलून फळणारा तो वानस्पत्य, असा भेद केलेला आहे. संस्कृताच्या तासाला पहिल्याचें उदाहरण म्हणून मीं वर्षानुवर्षें उंबर सांगितला. दोन महिन्यांपूर्वीं नातवानें शाळेचें पुस्तक पुढें करून विचारिलें, “आजोबा, आधीं फूल, मग फळ, असें येथें आहे. मग उंबराला फळ कसें धरतें?”

शेजारच्या दत्तमंदिरांतील झाडाचें एक कोंवळें उंबर आणून आम्हीं चाकूनें चिरलें व भिंग लावलें. आंत भिंतीला चिकटून शेंकडों इवलीं फुलें दाटलेलीं! ज्याला आपण फळ समजतों तो सगळा आंत वळलेला फुलोरा आहे. कोशकारानें डोळ्यांना दिसलें तें लिहिलें. उंबर हाताशीं असून मीं तें कधीं चिरून पाहिलें नाहीं, ही चूक माझी.

महिन्याभरानें त्याच झाडाचें पिकूं लागलेलें उंबर फोडलें, तों केंबरीं उडालीं. घरांत ‘शी, किडे!’ झालें. पण हीं केंबरीं नसतीं तर उंबराला बीच धरलें नसतें. तीं मधमाशी व गांधीलमाशी यांच्या गणांतील असून जेमतेम दोन मिलिमीटरांचीं असतात. मादी उंबराच्या तोंडावरील खवल्यांतून अंग चेपून आंत शिरते. त्यांत तिचे पंख बहुधा तुटतात. अंगावरचे पराग ती फुलांना देते, कांहीं फुलांत अंडीं घालते आणि तेथेंच मरते. म्हणून कांहीं फुलांत बीं तयार होतें, कांहींत केंबरें. पुढच्या पिढींतील नरांना पंख नसतात. माद्यांसाठीं बाहेरची वाट कोरून तेही आंतच संपतात. माद्या नवे पराग घेऊन निघतात. त्यांचें आयुष्य एकदोन दिवसांचें. तेवढ्यांत कोंवळें उंबर गांठलें पाहिजे. एका झाडावरचीं उंबरें बहुधा एकदमच तयार होतात, तेव्हां दुसरें झाड लागतेंच. ‘देवळांत एक आहे ना’ म्हणून रस्त्यावरचें उंबर तोडणाऱ्यांना हा हिशेब कोणी सांगत नाहीं.

एवढें ऐकून आमच्या सौभाग्यवतींना शंका आली: “मग अंजीर उपासाला चालेल का?” अंजीर उंबराचाच भाऊबंद, तेव्हां प्रश्न रास्त होता. पुरंदरच्या ज्या अंजिराला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें ‘पुना’ जातीचें. या जातीला परागांवांचूनच फळ धरतें. केंबऱ्याची तिला गरज नाहीं. म्हणूनच तिचीं झाडें बियांपासून न करतां फांदीच्या कलमांपासून करतात. अंजिरांची पाटी त्या दिवशीं निःशंकपणें घरांत आली.

वड आणि पिंपळ यांचीही कथा अशीच. मात्र ज्याचें त्याचें केंबरें निराळें. वडाचीं फळें तांबडीं होऊं लागलीं कीं तींही फोडावयाचीं ठरलें असून चाकू नातवानें आधींच स्वतःच्या ताब्यांत घेतला आहे.